दुसरी भाषा शिकवताना: प्राथमिक वर्गाच्या नव्या शिक्षकासाठी मार्गदर्शन

प्राथमिक शाळेतील मुलांना दुसरी भाषा शिकवण्याचे काम प्रथमच हाती घेणाऱ्या शिक्षकासाठी हा लेख आहे. मुले साधारणपणे सहा ते दहा वर्षांची आहेत, त्यांची घरची भाषा पक्की आहे आणि शिकवायची भाषा वर्गाबाहेर त्यांच्या कानावर फारशी पडत नाही, असे यात गृहीत धरले आहे. शिकवायची भाषा कोणतीही असली तरी कामाचा क्रम तोच राहतो. येथील उदाहरणांत मात्र ती मराठी धरली आहे, म्हणजे घरी वेगळी भाषा बोलणारी मुले मराठी शिकत आहेत असे समजावे; त्यामुळे प्रत्येक उदाहरण वाचकाला स्वतःच्या कानाने तपासून पाहता येईल.

मुलाला आधी ऐकून समजू द्यावे, मग बोलू द्यावे आणि त्यानंतर वाचायला-लिहायला लावावे, हे या लेखाचे मुख्य म्हणणे आहे. नव्या शिक्षकाचा हात मात्र पहिल्याच दिवशी खडूकडे जातो. मुळाक्षरे फळ्यावर येतात, मुले ती गिरवतात, वह्या भरतात आणि काम झाल्यासारखे दिसते. पण ज्या भाषेतील पन्नास शब्दही मुलाला ऐकून कळत नाहीत, त्या भाषेची अक्षरे त्याच्यासाठी केवळ आकृत्या असतात आणि आकृत्या गिरवून भाषा येत नाही.

आधी वेळेचा हिशेब

आठवड्याला पाच तासिका, प्रत्येक तासिका ४० मिनिटांची आणि वर्षात ३५ आठवडे असे धरले, तर वर्षभरात सुमारे ११७ तास हाती येतात. घरात पहिली भाषा शिकणारे बाळ दिवसातले दहा-बारा तास जागे असते आणि त्यातला बहुतेक वेळ माणसांच्या बोलण्यात असते. म्हणजे शाळेचे आख्खे वर्ष त्या बाळाच्या दहा-बारा दिवसांइतके भरते. हा हिशेब शिक्षकाने सुरुवातीलाच मांडून पाहावा, कारण ‘लहान मुले भाषा आपोआप उचलतात’ या समजुतीवर विसंबून अनेक वर्ग चालतात.

ही समजूत अर्धीच खरी आहे. कॅथरीन स्नो आणि मारियान हुफनागेल-होहले यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या आणि डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांची प्रगती पाहिली होती. पहिल्या काही महिन्यांत बारा ते पंधरा वर्षांची मुले पुढे होती आणि तीन ते पाच वर्षांची मुले मागे होती. लहान वयाचा फायदा मिळतो तो उच्चारांत आणि पुढे मिळणाऱ्या दीर्घ काळात; थोड्या तासांत झपाट्याने शिकण्याच्या बाबतीत मोठी मुलेच सरस ठरतात. म्हणून सहा वर्षांच्या मुलाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. हाती असलेल्या प्रत्येक तासिकेतील जास्तीत जास्त मिनिटे त्याला समजेल अशा बोलण्याने भरावीत, आणि येथील प्रत्येक पायरी या एका उद्देशासाठी आहे.

पायरी १: वर्ग सुरू होण्यापूर्वी

प्रत्येक मुलाच्या घरी कोणती भाषा बोलली जाते, ते त्या भाषेत वाचू शकते का, तिची लिपी कोणती आहे आणि शिकवायच्या भाषेचा त्याला आधी काही परिचय आहे का, एवढी माहिती एका वहीत नोंदवून ठेवावी. एकाच घरात दोन भाषा चालत असतील तर दोन्ही लिहाव्यात.

त्यानंतर मुलांच्या घरच्या भाषेत नसलेल्या ध्वनींची यादी करावी. ही यादी फार महत्त्वाची आहे, आणि नवे शिक्षक ती बहुधा करत नाहीत. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवले की इंग्रजी घरातील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतील फरक ऐकू येतो, पण दहा-बारा महिन्यांपर्यंत त्यांतील बहुतेकांची ही क्षमता मावळते, कारण त्यांच्या भाषेला त्या फरकाची गरजच नसते. सहा वर्षांचे मूल वर्गात येते तेव्हा त्याचा कान आपल्या भाषेला असा आधीच जुळलेला असतो. मराठी शिकणाऱ्या मुलाला ‘काल’ आणि ‘काळ’ सारखेच ऐकू येत असतील, ‘पाटी’ आणि ‘पाठी’ यांत फरक वाटत नसेल, ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील दोन वेगळे ‘च’ एकच वाटत असतील, तर त्याचा उच्चार सुधारण्याआधी त्याचा कान तयार करावा लागतो. त्यासाठी रोज दोन मिनिटांचा खेळ पुरतो: शिक्षकाने ‘काल’ म्हटले की हात खाली, ‘काळ’ म्हटले की हात वर. मुलांनी यात काहीही म्हणायचे नसते. दोन-तीन आठवड्यांत हात बरोबर वर-खाली होऊ लागले की मग तो ध्वनी त्यांना म्हणायला द्यावा.

शिक्षकाने स्वतःच्या भाषेचीही तयारी करावी. वर्गात बोलण्याची वाक्ये आदल्या दिवशी लिहून मोठ्याने म्हणून पाहिली, तर ऐन वेळी वाक्य लांबत नाही आणि घरच्या भाषेकडे वळण्याची गरज कमी पडते.

पायरी २: पहिले आठवडे ऐकण्याचे

पहिल्या चार ते सहा आठवड्यांत मुलांनी बोललेच पाहिजे असा आग्रह धरू नये. या काळासाठी सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे आज्ञा ऐकून कृती करणे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात ती नेटकेपणाने मांडली. भाषा शिकणारे बाळ बोलू लागण्यापूर्वी कितीतरी महिने ‘इकडे ये’, ‘ते दे’, ‘बस’ अशा सूचनांना शरीराने उत्तर देत असते, हे निरीक्षण तिच्या मुळाशी आहे.

ती वर्गात अशी राबवावी. प्रथम शिक्षकाने ‘उठा’ म्हणत स्वतः उठावे, ‘बसा’ म्हणत बसावे. मुलांनी फक्त पाहावे. मग दोन-तीन मुलांना सोबत घेऊन त्याच कृती कराव्यात. नंतर शिक्षकाने कृती न करता केवळ बोलावे आणि मुलांनी करून दाखवावे. शेवटी एकेका मुलाला सांगावे. सर्वांना सांगताना ‘उठा’ आणि एकाला सांगताना ‘ऊठ’ असा फरक ठेवला, की एकवचन-अनेकवचनाचा एक धडा व्याकरणाचे नाव न घेता होऊन जातो. ‘उठा, बसा, चाला, थांबा, वळा, दाखवा, घ्या, ठेवा’ या आठ क्रियापदांना दार, खिडकी, फळा, पुस्तक, चेंडू, खुर्ची अशी डोळ्यांसमोरची नामे जोडली, की पहिल्याच आठवड्यात कितीतरी वेगवेगळ्या सूचना तयार होतात.

येथे एक टप्पा बरेच जण गाळतात. मुले ‘दाराकडे चाला’ आणि ‘चेंडू उचला’ या सूचना पाळू लागली म्हणजे त्यांना भाषा समजली असे लगेच मानू नये. कदाचित त्यांनी क्रम पाठ केला असेल किंवा शेजाऱ्याकडे पाहून केले असेल. पूर्वी कधीही न दिलेली जोडणी देऊन पाहावी: ‘चेंडू उचल आणि दाराजवळ ठेव.’ मूल क्षणभर थांबते, विचार करते आणि करून दाखवते, तेव्हा त्याला शब्द वेगवेगळे कळले आहेत याची खात्री होते. अशी एक तरी नवी जोडणी प्रत्येक तासिकेत असावी.

या काळात शिक्षकाचे बोलणे हेच मुख्य पाठ्यसाहित्य असते, त्यामुळे ते कसे असावे यावर थोडे थांबायला हवे. वाक्ये छोटी असावीत, पण पूर्ण असावीत. ‘तू पुस्तक देणे मला’ अशी मोडकी भाषा मुलांसाठी म्हणून तयार करू नये, कारण मुले ऐकतील तेच उचलतील. वेग किंचित कमी असावा, परंतु शब्द तोडून बोलण्याऐवजी वाक्यांच्या मधली विश्रांती वाढवावी. हावभाव, वस्तू, चित्रे आणि फळ्यावरच्या रेघोट्या यांचा सढळ वापर करावा. प्रत्येक वाक्यामागून त्याचे घरच्या भाषेतील रूप सांगण्याची सवय मात्र कटाक्षाने टाळावी. अनुवाद येणारच आहे हे मुलांना ठाऊक झाले की ती पहिले वाक्य ऐकतच नाहीत, दुसऱ्याची वाट पाहतात.

काही मुले या सहा आठवड्यांनंतरही गप्पच राहतात. दुसरी भाषा शिकणाऱ्या लहान मुलांमध्ये असा मूक काळ अनेकदा आढळतो आणि तो काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत टिकू शकतो. मूल सूचना बरोबर पाळत असेल, चित्र अचूक दाखवत असेल आणि गोष्टीत योग्य जागी हसत असेल, तर ते शिकत आहे. त्याला उभे करून बोलायला लावल्याने हा काळ कमी होत नाही. उलट भीती बसते आणि तो लांबतो.

पायरी ३: प्रश्नांची चढण

समजण्यापासून बोलण्यापर्यंत जाण्यासाठी प्रश्न विचारण्याचा एक क्रम ठेवावा. एकाच चित्रावर हा क्रम असा चढतो. पहिला प्रश्न बोट दाखवून उत्तर देता येईल असा असतो: ‘मांजर कुठे आहे?’ दुसऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ पुरते: ‘मांजर झोपली आहे का?’ तिसऱ्यात उत्तराचा शब्द प्रश्नातच असतो: ‘मांजर काळी आहे की पांढरी?’ चौथ्याचे उत्तर एका शब्दात येते: ‘मांजर कशावर बसली आहे?’ आणि पाचव्याला वाक्य लागते: ‘मांजर का पळाली असेल?’

या क्रमाचा मोठा उपयोग म्हणजे एकाच वर्गातील वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या मुलांना एकाच चित्रावर सामावून घेता येते. कोणाला कोणत्या पायरीचा प्रश्न विचारायचा हे शिक्षकाने मनाशी ठरवून ठेवावे आणि दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाला एक पायरी वर नेऊन पाहावे. मूल अडखळले तर त्याच क्षणी एक पायरी खाली यावे. ‘मांजर कशावर बसली आहे?’ याला उत्तर मिळाले नाही, तर ‘खुर्चीवर बसली आहे की टेबलावर?’ असे विचारावे. मुलाला उत्तर देता येते आणि वर्गासमोर गप्प उभे राहण्याची पाळी येत नाही.

प्रश्न विचारल्यावर थांबणेही शिकावे लागते. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात प्राथमिक वर्गांत असे आढळले की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा उत्तरे लांब झाली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. ते वर्ग मुलांच्या ओळखीच्या भाषेत चालत होते. दुसऱ्या भाषेत प्रश्न ऐकायचा, समजून घ्यायचा, उत्तर शोधायचे आणि शब्द जुळवायचे एवढे काम मुलाला करायचे असते, म्हणून येथे पाच सेकंद थांबले तरी अधिक नाही. मनातल्या मनात पाच अंक मोजावेत आणि हात वर करून अधीर झालेल्या हुशार मुलांना या काळात खुणेने थोपवावे.

याच सुमारास गरजेची काही तयार वाक्ये मुलांच्या तोंडी बसवावीत: ‘मला समजलं नाही’, ‘पुन्हा सांगा’, ‘याला काय म्हणतात?’, ‘मी बाहेर जाऊन येऊ का?’, ‘माझं झालं’. मुलांनी ती तुकडे न पाडता अखंड शिकावीत. त्यांतील व्याकरण समजावून सांगू नये. ‘याला काय म्हणतात?’ हे एक वाक्य आले की मूल शिक्षकाकडून स्वतः शब्द मागू लागते, म्हणून ते सर्वांत आधी शिकवावे.

पायरी ४: शब्द कसे द्यावेत

एका तासिकेत पाच ते सात नवे शब्द पुरेसे आहेत. पुस्तकात रंगांचे पान असते म्हणून आठही रंग एकाच दिवशी शिकवण्याची पद्धत सरसकट दिसते, परंतु १९९० च्या दशकातील प्रयोगांत असे दिसून आले की एकाच गटातील सारखे शब्द एकदम शिकले तर ते एकमेकांत गुंततात आणि लक्षात राहायला जास्त वेळ लागतो. ‘लाल’ आणि ‘हिरवा’ यांची अदलाबदल करणारे मूल मंद नसते, त्याला ते दोन्ही शब्द एकाच दिवशी मिळालेले असतात. आज ‘लाल’, ‘चेंडू’, ‘फेक’, ‘मोठा’ असे एका प्रसंगात नांदणारे शब्द द्यावेत, चार दिवसांनी ‘हिरवा’ आणावा, आणि पुरेसे रंग अंगवळणी पडल्यावर ते पान उघडावे. ‘डावा’ आणि ‘उजवा’ यांसारख्या विरुद्धार्थी जोड्यांना हे अधिकच लागू पडते.

नाम नेहमी सोबतच्या शब्दासह द्यावे: ‘हा चेंडू’, ‘ही खुर्ची’, ‘हे पुस्तक’. ज्या मुलांच्या घरच्या भाषेत तीन लिंगे नाहीत, त्यांना मराठीतील लिंग नियमाने सांगून येत नाही. जोडी कानात बसली तरच पुढे ‘मोठा चेंडू, मोठी खुर्ची, मोठं पुस्तक’ हे सहज येते.

हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिले होते की नव्याने पाठ केलेल्या गोष्टींचा बराचसा भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो आणि अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते. त्यानुसार प्रत्येक शब्द दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा वर्गात यावा. यासाठी एक खोका पुरतो: नव्या शब्दांची चित्रे त्यात टाकावीत आणि तासिकेच्या सुरुवातीला मुलांनी त्यातून चित्र काढून नाव सांगावे. उजळणी म्हणजे शिक्षकाने शब्द पुन्हा म्हणून दाखवणे नव्हे. मुलाने तो स्वतः आठवून काढला पाहिजे, कारण आठवण्याच्या प्रयत्नानेच स्मरण पक्के होते.

पायरी ५: एकच गोष्ट अनेकदा

गोष्ट निवडताना वारंवार येणारे एखादे वाक्य तिच्यात आहे का, हे प्रथम पाहावे. पात्र दारोदार जाते आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न विचारते, अशी रचना उत्तम. गोष्टीतील बहुतेक शब्द मुलांना आधीच ओळखीचे असावेत. नव्या शब्दांची संख्या चार-पाचांवर जाऊ देऊ नये आणि तेही चित्रांवरून उलगडणारे असावेत.

तीच गोष्ट आठवडाभरात तीन-चार वेळा सांगावी, पण प्रत्येक वेळी मुलांचे काम बदलावे. पहिल्या दिवशी मुलांनी केवळ ऐकावे आणि चित्रे पाहावीत. दुसऱ्या दिवशी ठरलेला शब्द आला की हात वर करावा. तिसऱ्या दिवशी वारंवार येणारे वाक्य सर्वांनी मिळून म्हणावे. चौथ्या दिवशी शिक्षकाने गोष्टीत मुद्दाम चूक करावी. कोल्ह्याच्या जागी हत्ती आणावा आणि मुलांना ती पकडू द्यावी. सहा-सात वर्षांच्या मुलांना तीच गोष्ट पुन्हा ऐकण्याचा कंटाळा येत नाही. कंटाळा येतो तो शिक्षकाला, आणि तो त्याने आवरावा.

गाण्यांविषयी एवढेच सांगावेसे वाटते की चाल सोपी, शब्द थोडे आणि प्रत्येक ओळीला कृती असेल असे गाणे घ्यावे. अर्थ न कळता पाठ झालेले गाणे कार्यक्रमात शोभते, पण त्यातील शब्द मुलाच्या बोलण्यात उतरत नाहीत.

पायरी ६: मुलांना एकमेकांशी बोलायला लावणे

केवळ ऐकून आणि समजून सगळी भाषा येत नाही, हा धडा कॅनडातून मिळाला. मॉन्ट्रियलजवळील सेंट लँबर्ट येथे १९६५ मध्ये इंग्रजीभाषक मुलांसाठी फ्रेंच माध्यमाचे वर्ग सुरू झाले आणि ही पद्धत पुढे देशभर पसरली. या वर्गांतील मुलांचे फ्रेंच ऐकणे आणि वाचणे फार चांगले झाले, पण अनेक वर्षांनंतरही त्यांच्या बोलण्यात व्याकरणाच्या चुका उरल्याच. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याचे कारण मांडले: या मुलांना स्वतः बोलण्याची आणि आपले म्हणणे नेमके करण्याची पुरेशी संधी मिळत नव्हती. म्हणून आधी ऐकू द्यावे हे जितके खरे, तितकेच पहिल्या सत्रानंतर मुलांना भरपूर बोलते करावे हेही खरे.

तीस मुलांच्या वर्गात शिक्षकाने प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारला, तर एका मुलाच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर बोलणे येते. जोड्या केल्या की सगळी मुले एकाच वेळी बोलू लागतात. मात्र ‘एकमेकांशी बोला’ एवढे सांगून भागत नाही. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नसावी, तरच बोलण्याची खरी गरज निर्माण होते. नऊ चौकटींचा एक कागद घ्यावा. एका मुलाच्या कागदावर चित्रे चिकटवलेली असतील, दुसऱ्याकडे मोकळ्या चौकटी आणि सुटी चित्रे असतील, आणि दोघांच्या मध्ये एक पुस्तक उभे केलेले असेल. पहिल्याने सांगायचे, ‘झाड मधल्या चौकटीत आहे’, आणि दुसऱ्याने विचारायचे, ‘झाडाच्या वर काय आहे?’ शेवटी पुस्तक बाजूला करून दोन्ही कागद ताडून पाहायचे. हे काम देण्यापूर्वी ‘वर, खाली, मध्ये, शेजारी’ हे शब्द आणि दोन-तीन वाक्यांचे साचे पक्के झालेले असावेत. नाहीतर मुले लगेच घरच्या भाषेत बोलून काम उरकतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो. पहिल्या वेळी दोन मुलांना पुढे बोलावून हे काम सर्वांसमोर करून दाखवावे. वर्गात आवाज होईल, त्याला घाबरू नये.

पायरी ७: चुका कशा सुधाराव्यात

मूल म्हणते, ‘मी पुस्तक वाचलो.’ बहुतेक शिक्षक सहजपणे म्हणतात, ‘हो का? तू पुस्तक वाचलंस!’ आणि पुढे जातात. चूक न दाखवता बरोबर रूप ऐकवण्याची ही रीत प्रेमळ आहे आणि लहान वर्गांत ती वापरावीही. परंतु तिची मर्यादा ओळखावी. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांतील शिक्षकांच्या सुधारण्याच्या पद्धती नोंदवल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा शिक्षक हीच रीत वापरत होते, आणि मुलांनी स्वतःचे वाक्य सुधारण्याचे प्रमाण याच रीतीत सर्वांत कमी होते. शिक्षक आपल्याशी गप्पा मारत आहेत असे मुलाला वाटते. आपले वाक्य दुरुस्त झाले हे त्याच्या लक्षातच येत नाही.

म्हणून, आधीच शिकवून झालेल्या रूपांबाबत मुलालाच सुधारायला लावावे. ‘चेंडू खोकात आहे’ असे मुलाने म्हटले, तर ‘खोकात की खोक्यात?’ असे विचारावे, किंवा ‘चेंडू खो...’ म्हणून थांबावे आणि त्याच्याकडे पाहावे. बरोबर रूप मुलाच्या तोंडून आले की संभाषण पुढे न्यावे; स्पष्टीकरण देऊ नये. जे रूप अजून शिकवलेच नाही, त्यात मुलाने चूक केली तर केवळ बरोबर रूप ऐकवावे आणि सोडून द्यावे.

मूल काही महत्त्वाचे किंवा मनातले सांगत असेल, तेव्हा त्याला पूर्ण बोलू द्यावे. कुत्रा हरवल्याची बातमी देणाऱ्या मुलाचे क्रियापद त्या क्षणी सुधारणारा शिक्षक पुढच्या वेळी बातमीला मुकतो. अशी चूक मनात टिपून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी कोणाचेही नाव न घेता सर्वांच्या सरावात आणावी. एका आठवड्यात चुकीचा एकच प्रकार हाती घ्यावा; या आठवड्यात ‘फळ्यावर, खोक्यात, घोड्याला’ अशी बदलणारी रूपे घेतली असतील, तर लिंगाच्या चुका तात्पुरत्या सोडून द्याव्यात.

पायरी ८: वाचन आणि लेखन

पहिल्या तीन-चार महिन्यांत दीड-दोनशे शब्द ऐकून कळू लागले की वाचनाला सुरुवात करावी. मुलाला घरच्या भाषेत वाचता येत असेल, तर अर्धे काम झालेले असते. अक्षर म्हणजे ध्वनी, ओळ एका दिशेने जाते, मजकुराला अर्थ असतो, हे त्याला पुन्हा शिकवावे लागत नाही. एका भाषेत मिळवलेले हे वाचनकौशल्य दुसऱ्या भाषेला आधार देते, असे जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडले होते. ज्या मुलाला कोणत्याच भाषेत वाचता येत नाही, त्याला दुप्पट वेळ द्यावा लागतो आणि शक्य तेथे त्याचे घरच्या भाषेतील वाचन आधी सुरू व्हावे यासाठी प्रयत्न करावा.

अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने देण्याची गरज नाही. घ, र, म, ग, न ही पाच अक्षरे घेतली तर ‘घर’, ‘मगर’, ‘गरम’ असे शब्द लगेच वाचता येतात. त्यांना काना जोडला की ‘नाग’, ‘मान’, ‘रान’ मिळतात. निवडलेला प्रत्येक शब्द मुलाच्या कानाला आधीच ओळखीचा असला पाहिजे, म्हणजे अक्षरे जुळवताच अर्थ उमटतो आणि आपण वाचले याचा आनंद मुलाला मिळतो. ‘घर’ वाचताना शेवटच्या ‘र’ मधला ‘अ’ उच्चारला जात नाही, ही मराठीची सवयही अशा ओळखीच्या शब्दांतूनच कळते. ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह पहिल्या वर्षी वाचनापुरता ठेवावा, लेखनात तो हळूहळू आणावा.

लेखनाचा क्रम साधा आहे: चित्राखाली शब्द उतरवणे, गाळलेला शब्द भरणे, साच्यातील एक शब्द बदलून नवे वाक्य लिहिणे, आणि मग स्वतःच्या चित्राला स्वतःचे वाक्य देणे. ऐकून न कळणाऱ्या शब्दांचे शुद्धलेखन कधीही घालू नये.

घरच्या भाषेचे स्थान

वर्गात घरच्या भाषेवर बंदी घालणे अयोग्य आहे. खेळाचे गुंतागुंतीचे नियम, सुरक्षेची सूचना, रडणाऱ्या मुलाची समजूत, अशा ठिकाणी ती निःसंकोच वापरावी. मुलाने दुसऱ्या भाषेतला प्रश्न समजून घेऊन उत्तर घरच्या भाषेत दिले, तर ते उत्तर स्वीकारावे आणि दुसऱ्या भाषेत म्हणून दाखवावे. त्याला प्रश्न समजला होता, हे त्या उत्तरातून सिद्धच झालेले असते.

पालक अनेकदा विचारतात की आता घरीही नवी भाषाच बोलावी का. याचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे द्यावे. पालकांनी ज्या भाषेत सर्वांत मोकळेपणाने आणि समृद्धपणे बोलता येते, त्याच भाषेत मुलाशी बोलावे, गोष्टी सांगाव्यात, प्रश्नांची उत्तरे द्यावीत. युनेस्कोने १९५३ च्या अहवालात मातृभाषेतून शिक्षणाची सुरुवात करण्याची शिफारस केली होती, आणि त्यानंतरच्या अनुभवाने ती अधिकच बळकट झाली आहे.

जी मुले ही भाषा बोलल्या जाणाऱ्या परिसरात राहतात, त्यांच्याबाबत आणखी एक सावधगिरी हवी. ती साधारण दोन वर्षांत खेळताना आणि गप्पा मारताना अस्खलित वाटू लागतात. पण पाठ्यपुस्तकाची, विज्ञान-गणिताची भाषा समवयस्कांइतकी येण्यास पाच ते सात वर्षे लागतात, असे कमिन्स यांच्या अभ्यासात दिसले. मैदानावर भराभर बोलणाऱ्या मुलाला परिच्छेद समजत नाही म्हणून त्याला आळशी ठरवू नये. पाठातील अवघड शब्द त्याला आधी तोंडी द्यावेत आणि मग पाठ वाचायला द्यावा.

एका तासिकेची आखणी

४० मिनिटांत पहिली पाच मिनिटे खोक्यातील शब्दांची उजळणी आणि ध्वनीचा खेळ, पुढची आठ मिनिटे नव्या शब्दांसह आज्ञा आणि कृती, त्यानंतर बारा मिनिटे गोष्ट आणि तिच्यावरचे प्रश्न, दहा मिनिटे जोडीचे काम किंवा वाचन-लेखन, आणि शेवटची पाच मिनिटे गाणे किंवा खेळ, अशी विभागणी करून पाहावी. या वयातील मुले एका प्रकारच्या कामात फार वेळ रमत नाहीत, म्हणून बसून करायच्या कामानंतर हालचालीचे काम ठेवावे. क्रम रोज तोच राहिला तर सूचना देण्यात वेळ जात नाही.

प्रगतीची नोंद आणि मागे राहणारे मूल

पहिल्या वर्षी लेखी परीक्षेतून फारसे काही कळत नाही. त्याऐवजी दर महिन्याला प्रत्येक मुलाला चार चित्रे दाखवून तीन वाक्ये ऐकवावीत आणि कोणते वाक्य कोणत्या चित्राचे ते दाखवायला सांगावे. एक चित्र उरते, त्यामुळे अंदाजाने मिळालेले यश थोडे कमी होते. शिवाय मूल प्रश्नांच्या कोणत्या पायरीवर आहे, हे वहीत लिहावे. एका दिवशी पाच मुले घेतली तर आठवड्याभरात साधारण वर्ग पूर्ण होतो.

सहा-आठ महिने होऊनही एखादे मूल साध्या सूचनाही पाळू शकत नसेल, तर प्रथम त्याला मागच्या बाकावरून पुढे आणून आठवडाभर पाहावे आणि तोंड झाकून, त्याच्या घरच्या भाषेत हळू आवाजात काही विचारून त्याला ऐकू येते का हे तपासावे. त्यानंतर पालकांना विचारावे की मूल घरच्या भाषेत बोलायला केव्हा लागले, त्या भाषेत ते गोष्ट सांगते का, सांगितलेले काम लक्षात ठेवते का. घरच्या भाषेत सगळे सुरळीत असेल, तर दुसऱ्या भाषेसाठी त्याला अधिक वेळ, अधिक चित्रे आणि छोट्या गटातील सराव द्यावा, आणि प्रश्नांच्या चढणीवर त्याला खालच्या पायरीपासून पुन्हा न्यावे. अडचण दोन्ही भाषांत दिसत असेल, किंवा ऐकण्याविषयी शंका असेल, तर वाट न पाहता पालकांना श्रवण आणि वाचा तज्ज्ञांकडे जाण्यास सांगावे, आणि भेटीला जाताना वहीतील महिनावार नोंदी सोबत द्याव्यात.